सिंगरचा खण

एप्रिल संपत आला आणि न्यू जर्सीतली झाडं एकदाची हिरवी व्हायला लागली की चौकाचौकातल्या खांबांवर गराज सेलच्या, म्हणजे घरातल्या नको असलेल्या वस्तूंच्या विक्रीच्या, पुठ्ठ्याच्या पाट्या दिसायला लागतात, जाड मार्करनं लिहिलेल्या, खाली एक बाण, शनिवार आठ ते दोन. मी गुरुवारपासूनच ऑफिसला जाता-येता कुठली पाटी कुठे लागलीय ते डोक्यात नोंदवत असते, आणि त्यातही जुन्या वस्तीतली, म्हणजे 1920-30 च्या सुमाराच्या लाकडी घरांच्या गल्लीतली पाटी असेल तर तिला पहिला नंबर. नव्या वसाहतींमधल्या सेलमध्ये मुलांची प्लास्टिकची खेळणी, ट्रेडमिल, कॉफी मेकर, लहान झालेले कपडे असतात, ज्यांना ते हवं असतं त्यांच्यासाठी ते सोनंच आहे, आमची लेक लहान होती तेव्हा आमचंही अर्धं घर त्यावरच चाललं होतं. पण आता मला हवं असतं ते तळघरातून वर आलेलं, सुतारकामाच्या बाकाखालून निघालेलं, शिवणाच्या डब्यात तळाशी राहिलेलं.

कशासाठी, तर मी असेंब्लाज करते. म्हणजे सापडलेल्या, तयार वस्तू एकमेकींशेजारी मांडून, जोडून केलेलं काम. भिंतीवर लावता येतं पण त्याला खोली असते, शिल्पासारखं सगळ्या बाजूंनी जागा व्यापतं पण त्यात कोरणं-घडवणं फार थोडं आणि निवडणं-मांडणं जास्त. माझी बहुतेक कामं लाकडी पेट्यांमध्ये किंवा जुन्या टेबलांच्या खणांमध्ये असतात, पुढे काच. या प्रकाराला मोठ्या म्युझियमची मान्यता मिळाली ती 1961 मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं फक्त असेंब्लाजचं एक मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा, पण लोक हे करत होते त्याच्या कितीतरी आधीपासून.

मला विचाराल तर या कामातलं खरं मटेरियल म्हणजे वस्तू नाहीच, वस्तूवर पडलेली वापराची खूण हे खरं मटेरियल. एका सेलमध्ये बटणांच्या पत्र्याच्या डब्यात मला एक अंगुस्तान मिळालं, शिवताना बोटाच्या टोकावर घालतात ती टोपी. पितळेचं, वर निकेलचा मुलामा. त्याच्यावर सुईचं डोकं अडकावं म्हणून जे बारीक खळगे असतात ना, ते एका बाजूला पार झिजून गुळगुळीत झालेत आणि दुसऱ्या बाजूला अजून जसेच्या तसे टोचतात. म्हणजे ती बाई सुई कायम बोटाच्या एकाच बाजूनं ढकलायची, वर्षानुवर्षं. टोकाशी मुलामा उडून पिवळं पितळ वर आलंय आणि कडेला एक चेप आहे, बहुतेक दातानं कधीतरी घट्ट बसवताना पडलेला. नवं अंगुस्तान दुकानात स्वस्तात मिळतं, पण त्यात कुणीच नसतं. क्राफ्टच्या दुकानांत हल्ली मुद्दाम जुनाट केलेल्या किल्ल्यांची पाकिटंही मिळतात, सगळ्या किल्ल्यांवर सारखाच काळपटपणा, सारखाच गंज, आणि जिथे अंगठा लागतो ती जागाच चकाकत नाही. खऱ्या जुन्या किल्लीचं कडं आतल्या बाजूनं झिजलेलं असतं कारण ती जुडग्यात लोंबकळलेली असते. हे एकदा दिसायला लागलं की मग नकली वस्तू हातात धरवतच नाही.

जोसेफ कॉर्नेल हे या पेट्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं नाव, आणि मी जिथे राहते तिथून हा माणूस फार लांबचा नाही. जन्म 1903 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक गावचा, आणि जवळजवळ सगळं आयुष्य न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या युटोपिया पार्कवे नावाच्या रस्त्यावरच्या एका साध्या घरात गेलं, आई आणि सेरेब्रल पाल्सी असलेला धाकटा भाऊ यांच्यासोबत. कलेचं शिक्षण नाही. कापडाच्या व्यवसायात सेल्समन होता, मॅनहॅटनमध्ये फिरतीचं काम, आणि त्या फिरण्यात मधल्या वेळात फोर्थ अॅव्हेन्यूवरची जुन्या पुस्तकांची दुकानं आणि जुन्या-पुराण्या वस्तूंची दुकानं पालथी घालायची. मातीचे पाइप, काचेचे पेले, नकाशे, घड्याळाच्या स्प्रिंगा, पक्ष्यांची चित्रं, शिंपले, हे सगळं तळघरात डबे भरभरून, डब्यांवर लेबलं लावून. मग रात्री घरातले झोपले की स्वयंपाकघरात किंवा तळघरात काम. हा माणूस अमेरिकेबाहेर कधी गेला नाही पण त्याच्या पेट्यांमध्ये युरोपातल्या हॉटेलांची नावं आहेत, नक्षत्रांचे तक्ते आहेत, इटलीतल्या राजघराण्यातली मुलं आहेत. आणि 1972 मध्ये, ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी, मॅनहॅटनच्या कूपर युनियनमध्ये त्यानं मुलांसाठी प्रदर्शन केलं, सगळ्या पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या. मला त्याच्याबद्दलच्या सगळ्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात जास्त आवडते.

आता कुणी म्हणेल की कॉर्नेल तर आपल्या पेट्या मुद्दाम जुन्या करायचा. करायचाच, रंगाचे थर द्यायचा, ओव्हनमध्ये ठेवून रंगाला भेगा पाडायचा, उन्हापावसात बाहेर ठेवायचा. यावर मी पुष्कळ विचार केलाय. माझं मत असं झालंय की तो घर जुनं करत होता, आत राहणारी वस्तू नाही. पाहुणे जुने असतील तर भिंती नव्या कोऱ्या दिसू नयेत, एवढंच. माझ्या पेट्यांच्या आतल्या बाजूला मीही चहाच्या पाण्यानं रंगवलेला कागद लावते, पण अंगुस्तान जसं मिळालं तसंच राहतं.

गराज सेल आणि इस्टेट सेल यांत फरक आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. गराज सेल म्हणजे घरातले लोक स्वतःच नको असलेलं ड्राइव्हवेवर फोल्डिंग टेबलं टाकून विकतात, मास्किंग टेपच्या तुकड्यावर किंमत, शेजारी लिंबूपाणी विकणारी पोरं, आणि जे ते घासाघीस करतं. इस्टेट सेल म्हणजे बहुतेक वेळा माणूस गेलेलं असतं किंवा वृद्धाश्रमात हललेलं असतं आणि अख्खं घर उघडं करतात. सेल चालवणारे लोक बाहेरून आलेले असतात, दारात नंबर देतात, थोडेथोडे लोक आत सोडतात, आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी किमती निम्म्या. तुम्ही कुणाच्या तरी बेडरूममध्ये उभे असता, कपाटात शर्ट टांगलेले आहेत, बाथरूममधल्या आरशामागे अजून औषधं आहेत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. इथे मी घासाघीस करत नाही, दारात घरातलंच कुणी उभं असेल तर अजिबात नाही. एक डॉलर कमी झाल्यानं माझं काही फार भलं होणार नसतं आणि समोरचा माणूस आपल्या आईच्या पोळपाटाची किंमत ठरवत असतो. (पोळपाट म्हणजे इथला ब्रेड मळायचा पाट, पण मनात माझ्या पोळपाटच येतो.)

आणि विचारायचं. ही सवय मी लावून घेतली आहे. हे काय आहे, कुणाचं होतं, कशासाठी वापरायचे. लोकांना सांगायचं असतं, कुणी विचारत नाही म्हणून ते गप्प असतात. शाळेत असतात तशी पण घडीची लाकडी फूटपट्टी असते ना, सहा-सहा इंचाचे तुकडे पितळी सांध्यांनी जोडलेले, सुतार वापरायचे, तशी एक मी उचलली तेव्हा टेबलामागचे आजोबा म्हणाले, "तिचा पहिला तुकडा बघा." पहिल्या तुकड्यावरचे आकडे पुसूनच गेलेले, कारण रोज सगळ्यात जास्त वेळा तोच उघडला जायचा. ती पट्टी आता माझ्या एका पेटीत उभी आहे, आणि पुसलेला तुकडा काचेच्या सगळ्यात जवळ.

आईला हे सगळं सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं. फोनवर म्हणायची, "अगं, कुणाकुणाच्या वापरलेल्या वस्तू घरात आणून ठेवतेस, गेलेल्या माणसांच्या. आपल्याकडे असं करतात का?" तिचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे माणूस गेलं की तेराव्याच्या आत त्याची चप्पल, छत्री, अंथरूण-पांघरूण देऊन टाकायचं, शय्यादान करायचं, वस्तूंना माणूस चिकटून राहतो ही समजूत फार खोल आहे. माझं म्हणणं एवढंच की चिकटून राहतो हे तर खरंच आहे. मीही तेच म्हणते. फक्त तिला त्यात भीती वाटते आणि मला ते जपावंसं वाटतं. एकदा मी तिला म्हटलं, आई, तू मला केळकर म्युझियममध्ये हाताला धरून न्यायचीस ते काय होतं मग? त्यावर ती जरा गप्प झाली.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. दिनकर केळकरांचा मूळचा व्यवसाय चष्म्यांचा, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे, आणि आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी काय गोळा केलं तर अडकित्ते, वज्र्या, दिवे, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपं, दारांच्या चौकटी, लोकांच्या घरातल्या रोजच्या हाताखालच्या वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते संग्रहालय उभं राहिलं, आणि 1975 मध्ये सगळा संग्रह त्यांनी सरकारच्या हवाली केला, वीस हजारांच्या आसपास वस्तू. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिथल्या वज्र्यांसमोर किती वेळ उभी होते. पाय घासायची वस्तू, आणि वर मोर, हत्ती, मासे. आणि खालची खरखरीत बाजू घासून घासून बोथट झालेली. आज मी जे शोधत फिरते त्याची सुरुवात त्या काचेच्या कपाटासमोर झाली असं मला मनापासून वाटतं. फरक इतकाच की तिथे अडकित्त्याशेजारी अडकित्ताच असतो, जातवार लावलेला, आणि माझ्या पेटीत अडकित्त्याशेजारी काहीही येऊ शकतं, आणि ते काहीही नक्की काय असावं हे शोधण्यातच सगळा जीव ओतायचा असतो.

काही वस्तू कळायला अभ्यास लागतो आणि न्यू जर्सी त्या बाबतीत फार श्रीमंत आहे. बेकलाइट या सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकचंच घ्या, जुन्या रेडिओच्या मुठी, बांगड्या, विजेची बटणं. लिओ बेकलंडनं ते 1907 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या योंकर्सला शोधलं आणि पुढे त्याचा मोठा कारखाना आमच्या इथून जवळच, बाउंड ब्रुकला होता, त्यामुळे इथल्या तळघरांत ते सापडतंच. अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि वास घ्या, दवाखान्यासारखा उग्र वास आला तर बेकलाइट. शिंपल्याची बटणं ओळखायची तर गालाला किंवा दाताला लावून बघायची, गार लागतात आणि किंचित खरखरीत, प्लास्टिक लगेच कोमट होतं. यातली बरीचशी बटणं आयोवातल्या मस्कटीन नावाच्या गावची, मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांमधून गोल गोल कापून काढलेली. कधीकधी गोल भोकं पडलेला आख्खा शिंपलाच मिळतो, बटणं काढून घेतल्यावर उरलेला. तो मिळाला तर पन्नास वस्तू सोडून द्या आणि तो घ्या.

पण एक गोष्ट मी अगदी कळकळीनं सांगते, जुन्या घड्याळांच्या बाबतीत. अंधारात चमकणारे आकडे आणि काटे असलेली जुनी मनगटी घड्याळं, गजराची घड्याळं, विमानातले डायल इथे डब्यांत पडलेले असतात. त्यांतल्या बऱ्याचशा वस्तूंवरचा रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी आहे. आमच्याच राज्यात, ऑरेंज गावात, युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता, 1917 पासून 1926 पर्यंत, आणि तिथे तरुण मुली ते आकडे रंगवायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. रंग बाधत नाही असंही सांगितलेलं. मग त्यांचे दात पडायला लागले, जबड्याची हाडं कुजायला लागली, कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी कंपनीवर खटला भरला, 1928 मध्ये तडजोड झाली, आणि कामगारांच्या व्यावसायिक आजारांच्या कायद्यांच्या इतिहासात या रेडियम गर्ल्सचं नाव कायमचं लागलं. आज ते आकडे चमकत नाहीत, तपकिरी पडलेले असतात, म्हणून लोकांना वाटतं की आता काही नाही. चमक गेली ती रेडियमबरोबर मिसळलेलं झिंक सल्फाइड खराब झालं म्हणून. रेडियम तिथेच आहे, त्याचा अर्धा व्हायचा काळच सोळाशे वर्षांचा. काच बंद असेल तोवर धोका कमी, पण काच उघडून, डायल काढून, खरवडून, कापून आपल्या कामात वापरायचा म्हटलं तर ती धूळ श्वासात जाते. तेव्हा तपकिरी पडलेल्या, जाडसर, फुगीर रंगाचे आकडे असलेला डायल कितीही सुंदर दिसला तरी मी घेत नाही. तसंच 1978 च्या आधीच्या रंगवलेल्या लाकडाचं. त्या साली इथे घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर बंदी आली, त्याआधीचा रंग उडत असेल तर ते लाकूड कोरडं घासायचं नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून वर पारदर्शक थर द्यायचा.

ऑरेंजच्या त्या मुलींची आठवण येते तेव्हा वाटतं की वापराची खूण नेहमीच प्रेमाची असते असं काही नाही. गराज सेलच्या टेबलांवर ते दुसरं टोकही भेटतं. कृष्णवर्णीय माणसांची विद्रूप चित्रं असलेल्या बरण्या, पिगी बँक, नोटपॅड होल्डर इथे अजूनही निघतात, चहाच्या किटल्यांच्या रांगेत सहज ठेवलेले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काय करावं सुचलंच नव्हतं, पुढे बेटी सार या कलाकाराचं काम बघितलं आणि कळलं. कॅलिफोर्नियाची, जन्म 1926 चा. लहानपणी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सायमन रोडिया नावाचा इटालियन कामगार एकट्यानं फुटक्या चिनीमातीचे आणि बाटल्यांचे मनोरे उभारत होता ते तिनं बघितलेलं. नंतर साठच्या दशकात पॅसाडीनाला कॉर्नेलचं प्रदर्शन बघितलं आणि ती या पेट्यांकडे वळली. 1972 मध्ये तिनं असाच एक नोटपॅड होल्डर घेतला, जाड, हसरी, डोक्याला फडकं बांधलेली कृष्णवर्णीय मोलकरीण, गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातला विनोद, आणि तिच्या एका हातात झाडू तसाच ठेवून दुसऱ्या हातात रायफल दिली. वस्तू तीच. शेजारी काय ठेवलं त्यानं तिचा सगळा अर्थ उलटा झाला. असेंब्लाजमध्ये काय ताकद आहे हे मला कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत बसत नाही, ही एक पेटी सांगते. मी स्वतः असल्या वस्तूंना हात घालत नाही, तो इतिहास माझ्या अंगावर वाढलेला नाही आणि ज्यांच्या अंगावर आहे त्यांनी तो हाताळलाय तेवढं मला पुरेसं आहे.

फोटोंचंही तसंच. जुन्या फोटोंचे खोके पन्नास सेंटला एक या भावानं मिळतात, लग्नं, बारशी, समुद्रकिनारे, आणि कधीकधी मागे पेन्सिलनं नाव आणि साल. नाव लिहिलेला फोटो मी कापत नाही. स्कॅन करते आणि प्रत वापरते. कॉर्नेलही पुष्कळदा मूळ चित्राऐवजी फोटोस्टॅट प्रतीच वापरायचा. त्याचं एक कारण असं की एकच चेहरा त्याला पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या पेट्यांत लागायचा. माझं कारण वेगळं आहे, त्या चेहऱ्याचं कुणीतरी कुठेतरी तो शोधत असेल.

प्रत्यक्ष काम फार सावकाश चालतं. टेबलावर खण आडवा ठेवायचा, वस्तू आत मांडायच्या, फोनवर फोटो काढायचा, आठवडाभर ये-जा करताना बघत राहायचं, एखादी वस्तू खुपते, ती काढायची. डिंकाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. हॉट ग्लू तर नाहीच. इथले हिवाळे हीटरमुळे इतके कोरडे आणि उन्हाळे इतके दमट की लाकूड वर्षभर फुगत-आकसत असतं आणि जानेवारीतल्या एखाद्या रात्री टक् करून वस्तू खाली येते. धातू चिकटवायचा तर आधी स्पिरिटनं पुसून तेलकटपणा काढायचा, काच किंवा चिनीमाती असेल तर मागची बाजू थोडी खरखरीत करून घ्यायची आणि दोन ट्यूबवालं सावकाश वाळणारं इपॉक्सी लावायचं, पाच मिनिटांत वाळणाऱ्यापेक्षा ते जास्त पक्कं बसतं. पण माझ्या आवडीची पद्धत म्हणजे बारीक भोक पाडून पितळी स्क्रू किंवा तांब्याची तार. जोड दिसतो, दिसू दे. आणि साफसफाई कमीत कमी. मऊ ब्रशनं धूळ, गंजावर मेणाचा पातळ हात, बस. पितांबरी लावून चकचकीत केलं की पन्नास वर्षांचा हात पाच मिनिटांत पुसला जातो.

आता ज्या खणावर काम चाललंय त्याबद्दल. गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथ शहराजवळच्या एका गावात एका आजींच्या गराजमध्ये सिंगरच्या पायमशीनचे लांबट खण मिळाले, समोरच्या फळीवर कोरीव नक्षी, आणि कडीच्या खाली बोटांनी झिजून पडलेला फिकट डाग. मशीन त्यांनी नातीसाठी ठेवलं होतं, टेबल मोडलं म्हणून खण विकत होत्या. मी विचारलं तसं त्यांनी मला आत नेऊन मशीन दाखवलं, त्याचा नंबर 'जी'पासून सुरू होणारा. म्हणजे 1910 ते 1924 च्या दरम्यानचं आणि एलिझाबेथच्याच कारखान्यातलं. सिंगरचा तो कारखाना 1873 मध्ये सुरू झाला आणि 1982 मध्ये बंद झाला, त्या भागातली घरंच्या घरं त्याच्यावर चालली. आजी म्हणाल्या, "माझी आई तिथे कामाला होती, आणि घरी येऊन पुन्हा त्याच मशीनवर आमचे फ्रॉक शिवायची." खणात अजून लाकडी रिळं होती, तेलाची चेपलेली कुपी, खडूचा तुकडा, आणि एक बॉबिन केस, म्हणजे मशीनमध्ये खालच्या दोऱ्याचं रीळ ज्यात बसतं ती छोटी डबी. आजींनी ते सगळं तसंच खणासकट मला दिलं, वर पैसे घ्यायलाही तयार नव्हत्या, मी बळेच दिले.

त्या रात्री आईला फोन केला. सांगलीच्या घरी माझ्या आजीचं सिंगर आहे, काळं, सोनेरी वेलबुट्टी उडालेलं, आई अजून त्याच्यावर उशांचे अभ्रे शिवते. म्हटलं नंबर बघून सांग. तिनं टॉर्च लावला, पदरानं पट्टी पुसली आणि वाचलं, पहिलं अक्षर 'वाय'. वाय म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं, 1920-30 च्या काळातलं. आपल्याकडची कितीतरी सिंगर मशीनं तिथलीच. म्हणजे एक अक्षर समुद्राच्या या बाजूचं, एक त्या बाजूचं, आणि दोन्हींवर बायका मुलांचे कपडे शिवत होत्या. आई पहिल्यांदाच या सगळ्यात रस घेऊन बोलत होती. आणखी काय काय आहे खणात, रिळांवर दोरा कुठल्या रंगाचा आहे, तेलाची कुपी आपल्याकडे होती तशीच का. मग म्हणाली, "ती बॉबिन केस कशी आहे गं? आपल्याची स्प्रिंग सैल झालीय, टाका खालून सुटतो. बाजारात नवी मिळते पण ती पत्र्याची, टिकत नाही."

मी केसचा फोटो पाठवला. पंधरा नंबर जातीची आहे, सांगलीचं माझ्या आजीचं मशीनही त्याच जातीचं, आणि आपल्या साध्या काळ्या उषा मशीनलाही तसलीच लागते. फक्त केसला वर जे एक छोटं बोट असतं ते कुठल्या बाजूला झुकलंय यावर बसणार की नाही ते ठरतं, आणि आईनं जुन्या केसचा काढलेला फोटो हललेला आहे, तिला पुन्हा काढायला सांगितलंय.

खणाची मांडणी जवळजवळ झाली आहे. मागच्या भिंतीला चहाचा कागद, डावीकडे रिळं उंचीप्रमाणे नाही तर दोरा जितका उरलाय त्याप्रमाणे, मधे तेलाची कुपी, खाली अंगुस्तान झिजलेली बाजू पुढे करून, आणि उजव्या कोपऱ्यात बॉबिन केस. बाकी सगळं इपॉक्सीनं आणि स्क्रूनं बसवलंय. केस मात्र तारेनं बांधलीय, दोन वेढे आणि मागून पीळ, आणि पुढची काच खिळ्यांऐवजी फिरत्या कड्यांवर ठेवलीय, म्हणजे सांगलीचा फोटो आला आणि बोट त्याच बाजूला निघालं की ती सोडवून पार्सलमध्ये घालता येईल.